तिथे नको

मोबाइल उलटे ठेवा आधी. सगळ्यांनी. कुठे लिफ्ट अडकली तर हा टेबलावरचा फोन वाजेल, तुमच्या खिशातला नाही. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून काहीतरी सांगा म्हणालात, तर सांगतो. पण मध्ये बोलायचं नाही. मला मध्ये बोललेलं खपत नाही, हे नवीन आलेल्यांच्याही कानावर गेलं असेलच.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो आपल्याच कामातला. तुम्ही यायच्या आधी त्याने नोकरी सोडली. आम्ही त्याला तवा म्हणायचो. का म्हणायचो ते विचारू नका, जवळ गेलात की चटका बसायचा. कामाला मात्र एक नंबर. अपरात्री फोन आला की शर्टाची बटणं जिन्यात लावत पळणारा. बायको म्हणायची, "दोन घास खाऊन तरी जा." हा म्हणायचा, "लोक अडकलेत." पोरगी पाठीवर चढून बसायची, हा तिला उतरवून बाजूला ठेवायचा. "लोक अडकलेत." ह्या दोन शब्दांपुढे कोण काय बोलणार? गोड बोलून घरातून सटकायला ह्याच्याइतकं चांगलं कारण मी तरी ऐकलेलं नाही.

त्याची बायको बालवाडीत बाई होती. गोष्टी सांगण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतर आवाज राहणार नाही. पोरगी तेव्हा चार वर्षांची. तर ह्या बाईने काय करावं? ऑपरेशनच्या आधी जेवढ्या दुपारी हातात होत्या, तेवढ्या दुपारी खोलीचं दार लावून मोबाइलवर गोष्टी रेकॉर्ड केल्या. पोरीसाठी. घसा दुखायचा, पाणी प्यायची, पुन्हा सुरू. आणि तवा कुठे होता? लोक अडकले होते. त्यातल्या एकाही दुपारी तो घरात नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑपरेशन झालं, पण वर्षाच्या आत बाई गेलीच. जायच्या आधी तिने पाटीवर लिहून त्याला बजावलं होतं, गोष्टी जपून ठेव. त्याने जपल्या म्हणजे काय केलं? मोबाइल जुना झाला तेव्हा सगळं एका हार्ड डिस्कवर उतरवलं, फोल्डरला नाव दिलं 'नंतर', आणि डिस्क टाकली कपाटावर. दुसरी प्रत नाही. स्वतः एकदाही ऐकलं नाही, पोरीला ऐकवलं नाही. ती मागायची तेव्हा म्हणायचा, "मोठी झालीस की." त्याला ते ऐकवत नव्हतं, हे कळतं मला. पण अरे, तो आवाज काय तुझ्या एकट्याच्या मालकीचा होता? मला अजून राग येतो त्याचा.

पोरगी मोठी झाली ती बापाचंच डोकं घेऊन. लहानपणी ती त्याला 'तू' म्हणायची. बाबा, तू कुठे चाललास, बाबा, तू कधी येणार. आई गेल्यावर कधीतरी तिने 'तुम्ही' सुरू केलं. शेजारीपाजारी म्हणाले, छान वळण लागलंय हो मुलीला. तव्याला माहीत होतं ते वळण नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात माणसं दोनच, आणि त्यातला एक जण 'तुम्ही'.

पुढे तिला लांबच्या गावी नर्सिंगला प्रवेश मिळाला. जायच्या आठवड्यात ती म्हणाली, "आईच्या गोष्टी द्या. मी बरोबर नेणार आहे."

तवा स्टुलावर चढला आणि कपाटावरची डिस्क त्याने वायरला धरून ओढली. डिस्क निसटली ती थेट फरशीवर. काही होत नाही गं, म्हणत त्याने ती कॉम्प्युटरला लावली. टक... टक... टक. लिफ्टच्या पॅनेलमधला आपला कॉन्टॅक्टर पकडत नसला की वाजतो ना, तस्सं. मग स्क्रीनवर इंग्रजीत चार ओळी आल्या आणि खाली दोन बटणं. पोरगी म्हणाली, "थांबा, मला वाचू दे." ह्याने तोवर 'हो' दाबलं होतं. तव्याने उभ्या जन्मात कुणाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं नाही, ते वाचणार कुठून? डिस्क विचारत होती, सगळं पुसून कोरी करू का? हा म्हणाला, कर. झाली कोरी.

पोरगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही एकदा तरी ऐकलं होतंत ते?"

"नाही."

"ती रेकॉर्ड करत होती तेव्हा एकदा तरी तिच्याजवळ बसला होतात?"

"अगं, तेव्हा लोक अ—"

"पुरे." तिने हात वर केला. "शुक्रवारी पहाटेच्या गाडीने मी जाणार. तोपर्यंत आईचा आवाज मिळाला तर ठीक. नाही मिळाला तर सुट्टीत माझी वाट बघू नका. मी येणार नाही."

आणि ती बोलली की करणारी होती. बापाचीच मुलगी.

दुसऱ्या दिवशी तवा डिस्क घेऊन जिन्याखालच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. दुकानदाराने डिस्क कानाला लावून ऐकली. म्हणाला, "खात्रीचं काम हवं तर मोठ्या लॅबला पाठवावी लागेल. तिथे धूळ नसलेल्या खोलीत उघडतात." मग त्याने आकडा सांगितला. तवा म्हणाला, "एवढ्यात मी तुझ्या दुकानाला लिफ्ट बसवून देईन." दुकानदार हसला. "मग माझ्याकडे ठेवून जा. जमेल तेवढं स्वस्तात काढतो. पण हातातली कामं आहेत, पंधरा दिवस लागतील." पंधरा दिवस म्हटल्यावर तव्याचा पारा चढला. त्याने टेबलावरची डिस्क उचलली आणि दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

तो दाराशी पोचला तेव्हा दुकानदार मागून ओरडला, "अहो, घरी प्रयोग करू नका. आणि केलातच तर एक लक्षात ठेवा, जे निघेल ते—"

तव्याने दार आपटलं. उरलेलं वाक्य राहिलं दुकानात.

इकडे ड्युटीवर प्रत्येक जण तज्ज्ञ. एक म्हणाला, डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, सुरू होते. तवा म्हणाला, "डिस्क आहे की मटार?" दुसऱ्याने एका फुकटच्या प्रोग्रॅमचं नाव दिलं. पुसलेल्या डिस्कमधून फाइली शोधून देतो म्हणे. तेवढं मात्र त्याने कागदावर लिहून घेतलं.

आता ती रात्र. गुरुवारची रात्र, एक वाजायला दहाएक मिनिटं. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, बाहेर स्वच्छ चांदणं होतं. पोरगी आतल्या खोलीत. तिने आतून कडी घातलेली, कडीचा आवाज तव्याने स्वतः ऐकला होता. तिची प्रवासाची बॅग भरून बाहेरच्या दाराशी ठेवलेली, झिप बंद. तवा बाहेरच्या खोलीत त्या दाराकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसला. त्याने डिस्क लावली.

टक... टक... टक.

"चल गं बये," तवा म्हणाला. आणि काय आश्चर्य, डिस्क फिरायला लागली. घरघर करत, पण फिरली. प्रोग्रॅमने शोधायला घेतलं. बराच वेळ काही नाही. मग स्क्रीनवर एक नाव आलं. त्याखाली दुसरं. गोष्ट एक. गोष्ट दोन. वेड्या राजाची. रागावलेल्या लिफ्टची. तव्याने ती नावं पहिल्यांदाच वाचली. तो म्हणाला नाही कधी, पण रडला असणार.

प्रोग्रॅमने विचारलं, हे कुठे ठेवू? कॉम्प्युटर जुना, गच्च भरलेला, त्यात जागा नाही. आणि ही डिस्क तर अख्खी रिकामी दिसतेय. मग प्रश्नच कुठे येतो? ह्याच डिस्कवर ठेव. तव्याने बटण दाबलं.

स्क्रीन थांबली. डिस्क बंद.

त्याने बघितलं तर डिस्कची वायर निघालेली. सैल असेल म्हणून त्याने ती पुन्हा खोचली. पुन्हा टक टक, पुन्हा घरघर, पुन्हा तो सगळा शोध. पुन्हा नावं आली. ह्याने पुन्हा तीच जागा निवडली. बटण दाबलं.

डिस्क बंद.

ह्या वेळी वायर नुसती निघाली नव्हती. तिची गुंडाळी झाली होती. लहानशी, चार बोटांवर गुंडाळतात तशी, आणि टोक मधल्या फटीत खोचलेलं. घरातली प्रत्येक वायर अशी गुंडाळून ठेवणारं एकच माणूस होतं. इस्त्रीची, मिक्सरची, सगळ्या. तिला गेल्याला पंधरा वर्षं झाली होती.

कुणालाही इथे घाम फुटला असता. तुम्ही तर पळालाच असता. तवा काय झाला? चिडला. माणूस रागात असला की त्याला भ्यायचंही सुचत नाही. त्याने गुंडाळी सोडवली, वायर खोचली आणि डाव्या हाताने ती घट्ट धरून बसला. आता काढ म्हणाला. कुणाला म्हणाला, देव जाणे.

नावं आली. त्याने उजवा हात बटणाकडे नेला...

खोलीत औषधाचा वास आला. तो घशात मारायचा फवारा असतो ना, त्याचा.

हात पुढे जाईना.

मनगट कुणीतरी धरलं होतं. दिसत काही नव्हतं. पण बोटं कळत होती. गार. बारीक. चांगली रुतलेली. माया करणाऱ्याने धरावं तसं नाही... रागाने धरलेलं.

त्याने हिसका दिला. सुटेना. पुन्हा दिला. पकड आणखी घट्ट. डिस्क वाजली. टक. टक. टक. टक...

आणि तवा फुटला. भीतीने नाही, रागाने. पंधरा वर्षं आत कोंडलेला राग. तिच्यावरचा, तिच्या आजारावरचा, त्या पाटीवरच्या अक्षरांवरचा. सगळा एकदम बाहेर आला.

"मग कुठे ठेवू? माझ्या डोक्यावर ठेवू? सांग ना. एकदा बोल तरी. कुठे ठेवू?"

त्याचा आवाज भिंतींना लागून परत आला. मग काही नाही.

पंखा बंद होता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आतल्या खोलीतून पोरीची हालचाल नाही.

तव्याने पहिल्यांदा काय केलं माहितीये? तो गप्प बसला. उत्तराची वाट बघत. हे त्याने बायको जिवंत असताना कधी केलं नव्हतं.

आणि पाठीमागे... दाराशी...

झिप उघडली.

हळूहळू. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तुम्ही बॅग उघडता तो आवाज, तोच. फक्त फार सावकाश.

हातावरची पकड सुटली.

तो वळला नाही लगेच. वळवेना. वळला तेव्हा दाराशी कोणी नव्हतं. बॅग उघडी. नीट घडी केलेले कपडे, आणि सगळ्यात वर पोरीचा कोरा पेनड्राइव्ह. कॉलेजसाठी घेतलेला. तव्याने तो उचलला. मनगटावर चार लाल वळ होते. पाचवा आतल्या बाजूला, अंगठ्याचा.

त्याने पेनड्राइव्ह लावला. प्रोग्रॅमने विचारलं, कुठे ठेवू? ह्याने तो दाखवला आणि बटण दाबलं. कोणी अडवलं नाही. एकेक गोष्ट उतरत गेली. शेवटची उतरली तशी डिस्क एकदा जोरात वाजली आणि बंद पडली ती कायमची. औषधाचा वासही गेला.

पहाटे पोरगी बाहेर आली. चेहरा तसाच, बंद. तव्याने पेनड्राइव्ह तिच्या हातावर ठेवला. तिने तो मुठीत धरला. "सगळ्या?" "सगळ्या." "तुम्ही ऐकल्यात?" तवा खोटं बोलू शकला असता. "नाही," म्हणाला, "तू आधी ऐक." तिने तोंड फिरवलं. गाडीत बसल्यावरही खिडकीतून हात हलवला नाही. एवढ्या वर्षांचा राग असा एका रात्रीत थोडाच जातो?

मग कॉम्प्युटरचं दुकान उघडताच तो आत शिरला. मेलेली डिस्क दुकानदाराच्या टेबलावर आपटून म्हणाला, "काढल्या मी. घरी. फुकटात." दुकानदाराचा चेहरा उतरला. "ह्याच डिस्कवर नाही ना ठेवल्यात? तेच तर परवा ओरडून सांगत होतो. जे निघेल ते दुसरीकडे ठेवा. ती रिकामी दिसते, पण जुनं सगळं खालीच असतं. त्याच्यावर नवीन लिहिलंत की एक फाइल वाचते आणि दुसरी तिच्याखाली कायमची पुसली जाते." "नाही, पेनड्राइव्हवर," म्हणत तवा खुर्चीत बसला. दुकानदाराने विचारलं, "तुम्हाला सांगितलं कोणी?"

तवा उठला आणि थेट ड्युटीवर आला.

आता संध्याकाळचं मी स्वतः ऐकलेलं सांगतो. आम्ही दोघं एका लिफ्टच्या खड्ड्यात होतो, हात ग्रीसने भरलेले. रात्रीचं सगळं त्याने मला नुकतंच सांगितलं होतं. तव्याचा मोबाइल वाजला. पोरीचा फोन. त्याने कोपराने स्पीकर लावला.

"बाबा." आवाज बसलेला, रडून झालेला. "गाडीत मोबाइलला पेनड्राइव्ह लावून ऐकत होते. ती लिफ्टची गोष्ट आहे ना, एक लिफ्ट रागावते आणि वरखाली जायचं सोडून रस्त्याने आडवी चालत त्या माणसाच्या घरी जाते. त्याच्यात मध्येच आई थांबते. हे ऐका."

आणि त्या खड्ड्यात बाईंचा आवाज आला. गोष्ट सांगणारा, घसा खरवडत सांगणारा. मी तिला ओळखत होतो.

"...मग लिफ्टने त्याचं दार वाजवलं, टक टक टक, आणि म्हणाली... अरे, तिथे नको. नको म्हटलं ना. तिथे नको ठेवूस."

आणि मग, थोडं लांबून, पुरुषाचा आवाज. चिडलेला.

"मग कुठे ठेवू? माझ्या डोक्यावर ठेवू? सांग ना. एकदा बोल तरी..."

पोरीने रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं.

तवा भिंतीला टेकला होता. पंधरा वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग. तो घरात नसतानाचं. आणि त्याच्यात तो ओरडतोय, काल रात्रीचे शब्द, जसेच्या तसे.

पोरगी म्हणाली, "मला वाटायचं, तू कधीच तिच्याजवळ नव्हतास. एवढी वर्षं मी तेच धरून बसले. तू होतास बाबा. भांडत होतास, पण होतास."

'तू' म्हणाली. तुम्ही लक्ष दिलंत का? ती 'तू' म्हणाली.

तव्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांग तिला खरं. तो फोनवर म्हणाला, "हं." एवढंच. फोन ठेवल्यावर मी त्याला झापलं. पोरीशी खोटं बोललास. तो म्हणाला, "मग खरं काय ते तूच सांग." आता ह्यावर मी काय सांगणार? तुमच्यापैकी कोणाला सांगता येतंय?

पोरीने ती फाइल त्याला पाठवली. त्याच रात्री आम्ही ती इथे ऐकली, ह्याच टेबलावर. तव्याला एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती. पोरीने जिथे थांबवलं होतं, त्याच्या पुढेही आहे. तव्याचा आवाज थांबतो. मग बराच वेळ शांतता. मला वाटलं, संपलं.

मग झिप उघडते. हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

आणि बाई बोलते. गोष्टीच्या आवाजात नाही, घरच्या आवाजात. रागावलेलीच असते, पण जरा दमलेली.

"ऐकलंस एकदाचं."

मग ती पाण्याचा घोट घेते. ग्लास खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि लिफ्टची गोष्ट पुढे सुरू होते.